जांभळी चिमणी

चिमणी म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं पाखरू येतं. माझ्या वयाच्या खेड्यातल्या माणसापुढं रॉकेलची चिमणी येते, नाहीतर कंदिलाची काच. आणि विजेच्या वायरमनला विचाराल तर तो मान वर करून खांबाकडं बोट दाखवील. तारेच्या खाली चिनी मातीची जी वाटी पालथी बसवलेली असते, तिला तो चिमणी म्हणतो. माझ्या घरात आहेत त्या या तिसऱ्या जातीच्या. एकूण एक्केचाळीस. त्या दाणे खात नाहीत, उडत नाहीत, उजेड देत नाहीत, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या मते कुठल्याही कामाच्या नाहीत.

"लोणचं घालावं तर दीड चमचा मावंना," ती म्हणते, "उलटी करून वात लावावी तर उभी ऱ्हाईना. कामून गोळा करायलात ह्या?"

या 'कामून'ला माझ्याजवळ उत्तर नाही. तिकिटं जमवणारा निदान भूगोलाच्या आड लपू शकतो, नाणी जमवणारा इतिहासाच्या. मी कशाच्या आड लपू? लपण्यासारखं शास्त्र एवढंसंच आहे. तार सरळ खांबाला बांधली तर पावसात ओल्या खांबावरून वीज जमिनीत उतरते. म्हणून तार आणि खांब यांच्यामध्ये वीज वाहू न देणारी एक वस्तू बसवायची, काचेची किंवा चिनी मातीची. तिला खाली छत्रीसारखा घेर द्यायचा, म्हणजे बाहेरून कितीही भिजली तरी आतला भाग कोरडा राहतो. झालं शास्त्र. पाच वाक्यांत संपणाऱ्या शास्त्रावर माणसानं तीस वर्षं घालवावीत हे कुणालाही पटणार नाही. मलाही पटत नाही. पण फळीवर एक्केचाळीस चिमण्या आहेत खऱ्या. त्यांतल्या चाळिसांना मी चिठ्ठ्या चिकटवल्यात: कुठली, कुठल्या सालची, कशी मिळाली. एक्केचाळिसावीला चिठ्ठी नाही. तिची हकिगत पुढं येईल.

या नादाचं मूळ बहुधा पापात आहे. आमच्या वालूरला रेल्वे नाही. गाडी बघायची तर सेलूला जायचं. लहानपणी बैलगाडीतून सेलूला गेलो की वडील बाजारात आणि आम्ही पोरं रुळांच्या कडेला. मनमाडहून हैदराबादकडं जाणारी ती निजामाच्या काळातली मीटर गेजची लाइन, 1900 च्या सुमाराला सुरू झालेली. रुळांच्या बाजूनं तारेचे खांब, आणि खांबांवर पांढऱ्या वाट्यांच्या रांगा. दगड मारून वाटी फोडायची हा खेळ. दगड चुकून तारेला लागला तर लांबवर झणझणत जायचा आवाज यायचा, आणि वाटीला लागला की 'फट्'. माझ्या नावावर दोन 'फट्' आहेत. त्या तारेवरून त्या घटकेला कुणाच्या मरणाची बातमी चालली होती का, कुणाच्या नोकरीचा हुकूम चालला होता का, हा विचार आठ वर्षांच्या पोराला येत नाही. तो पन्नाशीत येतो, आणि तेव्हा फार येतो.

नव्वदीच्या दशकात लाइन रुंद झाली तेव्हा जुने खांब निघाले. गँगमनांनी वाट्या काढून ढीग घातला होता. मी पिशवी घेऊन गेलो. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरनं 1839 साली हिंदुस्थानात तारेचे पहिले प्रयोग केले, 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू झाली, आणि जुलै 2013 मध्ये सरकारनं तार खातं कायमचं मिटवलं. एवढ्या मोठ्या जिनसेचं जे सामान उरलं ते भंगारवाल्याकडं किलोवर जाणार होतं. त्यातलं थोडं माझ्याकडं आलं. दोन फोडल्या होत्या, तेवीस वाचवल्या, असा मी हिशेब मांडला. वरती चित्रगुप्त कोणत्या पद्धतीनं जमाखर्च लिहितो कोण जाणे.

आपल्याकडच्या या वाट्या पांढऱ्या, क्वचित तपकिरी. त्यात पारख ती काय करणार? माझ्या आयुष्यात रंग आला तो भाच्यामुळं. भाचा अमेरिकेत इंडियाना राज्यात नोकरीला. मामाला काय आणावं असा त्याला प्रश्न पडला. मामाला विडी-काडीचं व्यसन नाही, सेंट लावला तर गुरं बिथरतात. तेव्हा त्यानं जुन्या बाजारातून एक काचेची चिमणी आणली. तिच्या अंगावर 'हेमिंग्रे 42' अशी अक्षरं उठवलेली. ह्या हेमिंग्रेवाल्यांचा कारखाना भाच्याच्या गावापासून जवळ, मन्सीला. तिथं 1888 पासून 1967 पर्यंत या वाट्या निघत होत्या, आणि हा बेचाळीस नंबर त्यांनी इतका काढला की तिकडं त्याला कुणी विचारत नाही. पण मी ती वाटी उजेडाकडं धरली आणि माझी बोलती बंद झाली. फिकट निळी म्हणावी तर आत हिरवं पाणी हलत होतं. खालच्या कडेला पावसाचं पाणी थेंबाथेंबानं निथळावं म्हणून बारीक बोंडांची रांग. आत पेच. खुंटीवर फिरवून घट्ट बसवायची ही पेचाची युक्ती कोव्हे नावाच्या सुतारानं 1865 मध्ये काढली. पण पेच, बोंडं सगळं मागं पडलं. रंग!

"हा कुठला रंग गं?" मी विचारलं.

तिनं भाकरी थापता थापता मान वळवली. "गोटीच्या सोड्याच्या बाटलीचा."

पुढं भाच्यानं तिकडच्या संग्राहकांचं एक पुस्तक पाठवलं. त्या लोकांनी या वस्तूचं फार पद्धतशीर वेड लावून घेतलंय. त्यांची संघटना आहे, जत्रा भरतात, वुडवर्ड नावाच्या गृहस्थानं प्रत्येक आकाराला नंबर देऊन ठेवलेत. माझी बेचाळीस त्यांच्या हिशेबात एकशेचोपन्न. आणि रंगांची नावं तर बघावीत. सेव्हन-अप हिरवा. रूट बिअर तपकिरी. हेमिंग्रे निळा. बर्फ निळा. एकाच साच्यातली, एकाच मापाची वाटी. सोड्याच्या रंगाची असेल तर एका जेवणाच्या किमतीत मिळते, आणि रंग जरा इकडचा तिकडं झाला की किंमत घरातल्या फ्रीजला जाऊन भिडते. आकाराचा नंबर एकदा लागला की लागला, त्यात वाद नाही. वाद रंगाचा. हा गडद निळा का नुसता निळा, यावरून तिकडं मैत्र्या तुटत असणार.

आम्ही त्यांची यादी पुढं घेऊन आमच्या वाट्या लावायला बसलो. तोवर फळीवर काचेच्या अकरा झाल्या होत्या. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की माझ्याजवळ रंग ओळखणारे शब्दच नाहीत. पुरुषाला सात रंग ठाऊक असतात, तेही शाळेत पाठ केले म्हणून. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र यादी बाजूला सारली आणि एकेक वाटी उचलून, "ही मोरपंखी, ही पिस्ता, ही शेवाळी, ही चिंतामणीकडं झुकायली, ही आमसुली, अन् ही माझ्या मावसबहिणीच्या लग्नातल्या आहेराच्या लुगड्याची," असा निकाल देत गेली. शिवाय एकही निकाल तिनं घरात बसून दिला नाही. प्रत्येक वाटी उंबऱ्यावर नेली. "दुकानातल्या लाइटीत लुगडं घेत नसतात," ती म्हणाली. पारखीचं हे पहिलं सूत्र अमेरिकेतल्या पुस्तकातही आहे. फक्त त्यांना ते छापावं लागलं.

पण उंबऱ्यावरचा तरी खरा कशावरून? हा मास्तरकीतला किडा. आमच्या गावात जुन्या बारवा आहेत, त्यांतली एक चक्राकार. पायऱ्या गोल फिरत फिरत खाली पाण्याला भिडतात. गाळानं भरली होती, ती गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली. मी एकदा भर दुपारी बेचाळीस नंबर खिशात घालून तिथं गेलो. वरच्या पायरीवर ती जवळजवळ बिनरंगी, पाण्याच्या ग्लासासारखी. अर्ध्या वाटेवर सोड्याची बाटली. खाली पाण्याशी बसलो तर दाट हिरवी, काळसर. एकच वाटी, पंचवीस-तीस पायऱ्यांत तीन रंग. वर बसलेला एकजण म्हणाला, "मास्तर, जीवबीव तर द्यायला न्हाई ना आलात?" मी त्याला वाटी दाखवली. मग तो खात्रीनंच काळजीत पडला.

आणखी एक गोष्ट मला त्या पुस्तकानं शिकवली. या सगळ्या रंगांपैकी बहुतेक कुणी मुद्दाम केलेलेच नाहीत. वाळूत लोखंडाचा अंश असतो, त्यानं काच हिरवट-निळसर होते. म्हणजे सोड्याच्या बाटलीचा रंग हा मुळात मळ आहे. भट्टीत कधी तपकिरी बाटल्यांचे तुकडे पडले, कधी उरलीसुरली निळी काच पडली, त्या दिवशीच्या वाट्या तशा. तारेला रंगाशी देणंघेणं नव्हतं, कारखान्यालाही नव्हतं. साठ-सत्तर वर्षांनी त्या चुकांना भाव आला. ज्या दिवशी सगळं शिस्तीत झालं त्या दिवशीचा माल आज कुणी उचलत नाही. शाळेत मी जन्मभर याच्या उलट शिकवलं.

आणि जांभळ्याची तर कथाच न्यारी. काच स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत, आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडं खाणींतून निघतं तेच. लोखंडाचा हिरवटपणा ते झाकून टाकतं. काचवाले त्याला काचेचा साबण म्हणायचे. अशी साबणानं धुतलेली पांढरी स्वच्छ वाटी खांबावर चढली. वर ऊन. वर्षामागून वर्षं उन्हातले अतिनील किरण त्या मँगनीजवर पडत राहिले आणि आतल्या आत ते पालटत गेलं. तीस-चाळीस वर्षांनी वाटी उतरवली तर जांभळी! कुणी रंग दिला नाही, कुणी पाहिलंही नाही. आमच्या गावाच्या नावातच 'वाल' असल्यामुळं वाल्याची गोष्ट आम्ही जरा घरची समजतो. अंगावर वारूळ चढेपर्यंत एका जागी बसला आणि उठला तो वेगळाच. मला जांभळी चिमणी म्हणजे खांबावरचा वाल्मीकी वाटायची. एक तरी आपल्याकडं असावी असं मी भाच्याला दोन-तीनदा बोलून गेलो असेन. मामानं भाच्याजवळ काही बोलून जाऊ नये.

त्यानं पाठवली. कुणा येणाऱ्याबरोबर, मोज्यात गुंडाळून. ऐंशी डॉलर पडले हे त्यानं सांगितलं नाही. चिठ्ठी आत राहिली होती. सोबत एक साधी बिनरंगी वाटी फुकट मिळालेली. जांभळी मी उंबऱ्यावर नेली. काय रंग होता! पिकलेल्या जांभळाचा, जिभेवर उतरेल असा. सौभाग्यवतीसुद्धा पदर सावरून बघत राहिली आणि म्हणाली, "वांगी. असली पैठणी मला घ्यायचं कबूल केलं होतं तुम्ही, ध्यानात हाय का?" मी पटकन पुस्तक उघडलं.

पुस्तकात तो आकार होता, तो शिक्का होता, त्यापुढं रंगांची यादी होती. जांभळा नव्हता. चष्मा पुसून पाहिलं. नव्हता. मग शेवटच्या पानांवरचा एक मजकूर सापडला, जो मी आजवर भल्या माणसासारखा सोडून दिला होता: नकली रंग कसे ओळखावेत. काही लोक स्वस्तातली बिनरंगी वाटी क्ष-किरणांसारख्या जबर किरणांच्या यंत्रात ठेवतात. उन्हाला जे करायला चाळीस वर्षं लागतात ते यंत्रात काही तासांत होतं, आणि जरा जास्तच होतं. ज्या आकारात, ज्या सालात जो रंग कधी कुणी पाहिला नाही, तो अचानक असा दाट होऊन समोर आला की समजावं.

मी समजलो.

रात्रभर मी त्या वाटीशी भांडत होतो. खोटं नेमकं काय आहे हिच्यात? काच खरी. रंग वरून फासलेला नाही, खरवडून निघणार नाही. उन्हानंही हेच केलं असतं, फक्त सावकाश. भट्टीत तापवली तर उन्हाचा जांभळाही जातो आणि यंत्राचाही जातो, म्हणजे तपासायची ती वाट तर दोघांना सारखीच मारणारी. डोळ्याला फरक नाही. मग ऐंशी डॉलर कशाचे होते? चाळीस वर्षांचे. न पाहिलेल्या उन्हाचे. माणूस रंगाचे पैसे देत नाही, त्या रंगाला लागलेल्या वेळाचे देतो, आणि वेळ तर वाटीत कुठंच दिसत नाही. पावडर टाकून पिकवलेल्या आंब्याला आपण नाव ठेवतो ते निदान चव नसते म्हणून. इथं चवही तीच होती.

सकाळी हे सगळं मी सौभाग्यवतीपुढं मांडलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्याकडं बघितलं. तिथं निवृत्तीच्या निरोप समारंभापासून दर महिन्याला काळा रंग लागत आलाय. "बोला की पुढं," ती म्हणाली. मी पुढं बोललो नाही.

भाच्याला काय सांगायचं, हा खरा पेच. आणि या पेचात मी तडफड करत होतो त्याचं कारण ती चिठ्ठी नसलेली एक्केचाळिसावी वाटी.

1998 साल. मराठवाडा मुक्त होऊन पन्नास वर्षं झाली होती. सतरा सप्टेंबरला शाळेत प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि वस्तूंना चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं. चिमण्यांमुळं गावात माझी जाणकार म्हणून थोडी ख्याती झाली होती. गावातले एक आबा होते. निजामाच्या राज्यात ते सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, तारा तोडायच्या कामगिरीवर. त्या रात्री खांबावरून काढलेली वाटी त्यांनी जपून ठेवली होती, असं ते दरवर्षी पोरांना सांगत. ती वाटी ते धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन आले. टेबलाभोवती पोरं, पालक, दोन पाहुणे. मी वाटी हातात घेतली. मला काय अवदसा आठवली कोण जाणे; मी ती उलटी केली, आतला शिक्का वाचला, आणि जाणकाराच्या आवाजात म्हणालो, "आबा, हिच्यावर 1957 आहे. अठ्ठेचाळीस साली ही जन्मलीच नव्हती."

कुणीतरी हसलं. मीही हसलो असेन. आबा काही बोलले नाहीत. हात पुढं केला, मी वाटी दिली, त्यांनी ती सोग्यात बांधली आणि ते गेले. झेंड्याला थांबले नाहीत. त्यानंतर सतरा सप्टेंबरला ते शाळेकडं फिरकले नाहीत, आणि पोरांनीही त्यांना कधी बोलावलं नाही.

ते वारल्यावर मी भेटायला गेलो. बाजूच्या गावचा एक म्हातारा तिथं बसला होता. कुणी विचारलं नसताना तो सांगत होता, की तारा तोडल्या त्या रात्री आबा त्याच्या खांद्यावर उभे होते, आणि वजन असं की आठ दिवस खांदा वर झाला नाही. मी खाली मान घालून बसलो. उठताना आजींनी वाटी आणून माझ्यापुढं ठेवली. "तुम्हाला ह्याचं येड हाय, घेऊन जा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पहिली होती ती भिंत पडली तवा फुटली. पोरं दाखवा दाखवा म्हणायची. मग ह्यांनी टेशनावरून दुसरी आणली होती."

तिच्यावर काय चिठ्ठी लिहायची? 'सन 1957' हे खरं आहे. मी त्या दिवशी वाचलं तेही बरोबर होतं, एका अक्षरानं चुकलं नव्हतं. वाटी मी नीट ओळखली. ज्याच्या अंगावर खरोखरीचं ऊन पडलं होतं त्या माणसाला मात्र मी चारचौघांत यंत्रातला ठरवून घरी पाठवलं. खरं बोलावं हे मला कबूल आहे, मी तेच शिकवत आलोय. पण खरं बोलायच्या आधी आबांना नुसतं "ही कशी हो मिळाली?" असं बाजूला घेऊन विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं? उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. विचारणाराच कुणी नव्हता. आणि मी न विचारण्याचं कारण सत्यप्रीती नव्हतं, हे मी आता कबूल करतो. शिक्का मला सापडला होता, आणि तो मला सगळ्यांना दाखवायचा होता.

गेल्या मे महिन्याच्या शेवटी भाचा आला, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन. पोरगी मराठी बोलते, पण शब्द आधी तोंडात धुऊन घेते. आल्या आल्या तिनं जांभळी वाटी शोधून काढली. संध्याकाळी आम्ही तिघं बारवेवर गेलो. पाणी पार तळाला गेलं होतं. पोरगी वाटी डोळ्याला लावून गोल गोल पायऱ्या उतरायला लागली. आम्ही वर बसलो.

"मामा," भाचा म्हणाला, "पुस्तकात ही कितीला आहे?"

"पुस्तकात ही नाही," मी म्हणालो.

"म्हणजे एवढी दुर्मिळ?" त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जाऊ दे. मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो. धर्मराजाची सोय झाली होती, नरो वा कुंजरो वा. रथ चार बोटं खाली आला असता, पण वालूरच्या रस्त्यावर ते कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मी विचारलं, "ही तू घेतलीस कुठं?" एवढं विचारायला मला पंचवीस वर्षं लागली होती.

तो सांगायला लागला. संग्राहकांची एक जत्रा होती, तीन तास गाडी चालवून गेले. टेबलांवर शेकडो वाट्या. मामाला जांभळी हवीय एवढंच त्याला ठाऊक. फिकट जांभळ्या दोन-तीन होत्या, त्या तो घेणारही होता. पण पोरीनं ही उचलली आणि सोडायलाच तयार होईना. म्हणाली, फोटोतल्या आजीच्या साडीचा रंग हाच आहे. ती आजी म्हणजे माझी धाकटी बहीण. पोरगी जन्मायच्या आधीच ती गेली.

मी थोडा वेळ बारवेत बघत बसलो. मग त्याला सगळं सांगितलं; यंत्र, किरण, यादी, सगळं. आजूबाजूला कुणी नव्हतं. तो गप्प झाला. एक खडा उचलून पायरीवर घासत राहिला.

"तिला सांगायचं का?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुझी पोरगी. तू ठरव."

"तुम्ही असता तर?"

मला काही सुचेना. इतक्यात खालून आवाज आला, "आजोबा, इथून ही काळी दिसते!" आणि मग, "आता परत जांभळी!"

परत येताना तिनंच विषय काढला. ही उन्हानं जांभळी होते असं बाबा म्हणाले होते, मग दुसरी, ती पांढरी, ती का नाही झाली? भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, तिला अजून पुरेसं ऊन लागलं नाही. हे तरी पूर्ण खरं होतं. पोरगी म्हणाली, मग तुमच्याकडं तर खूप ऊन आहे. मराठवाड्याच्या उन्हाविषयी इतकं चांगलं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती बिनरंगी वाटी आम्ही माळवदावर नेली. तिथं कुरडया वाळत घातल्या होत्या. वाटी कठड्यावर ठेवली, वाऱ्यानं गडगडू नये म्हणून भोवती चार खडे लावले. जांभळी पोरीनं आपल्या बॅगेत टाकली. तिला मोज्यात मीच गुंडाळलं. मी मागितली नाही, भाच्यानं दिली नाही, आणि विमानतळापर्यंत त्यानं तिला काय सांगितलं, का काहीच सांगितलं नाही, हे मी विचारलेलं नाही.

"किती वर्षं लागतील?" जाताना पोरीनं विचारलं.

"तू बाबाएवढी होशील तोवर दिसायला लागेल बघ."

ती बोटांवर मोजायला लागली. तिच्यामागं आमच्या सौभाग्यवती माझ्याकडं बघून मोजत होत्या, वेगळं काहीतरी.

ते गेल्यावर सात-आठ दिवसांनी संध्याकाळी आभाळ भरून आलं. ही लगबगीनं वर गेली, कुरडया गोळा करून ओट्यात घेतल्या. मी खाली अंगणात होतो. वरून आवाज आला, "हिला काय करू? आत घेऊ का?"

"राहू दे," मी म्हणालो. "पावसाची सवय आहे तिला."